ठिगळ काढण्याचेही एक काम असते

आमच्या घरी वाकळ शिवण्याचे काम आईकडे असते. उन्हाळ्यात अंगणात जुनी लुगडी अंथरून ती बसते. फाटलेल्या जागी नवे ठिगळ लावण्याआधी ती तिथले जुने ठिगळ बोटांनी उचलून पाहते. ते विरले असेल तर आधी उसवते आणि मगच सुई पुढे नेते. मी एकदा म्हटले, "अगं, राहू दे ना ते. वरूनच लाव." ती म्हणाली, "ठिगळावर ठिगळ लावलं की सुई शिरत नाही. आन् धुतल्यावर वाकळ उचलाय येत नाही."

हे वाक्य मला गेल्या वर्षभरात एका अगदी निराळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा आठवले. ते ठिकाण म्हणजे संगणक.

वाचक मित्रहो, कला शाखेच्या द्वितीय वर्षातील मुलीने वार्षिक अंकात संगणकाविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. कॉलेज सुटल्यावर मी गावातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात बसते. तिथे प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे, परीक्षेचे अर्ज ऑनलाइन भरून दिले जातात. माझ्या फीचा बराचसा भाग त्यातून निघतो. दुकानातला संगणक जुना आहे. नवी विकत घ्यावी लागणारी प्रणाली त्याला पेलत नाही, म्हणून कोणीतरी त्यावर 'डेबियन' नावाची मोफत आणि मुक्तस्रोत प्रणाली घातलेली आहे. मुक्तस्रोत म्हणजे जिच्या आतली आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि बदललेली प्रत दुसऱ्याला देता येते. ही कल्पनाच मला फार आवडली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेले नाही, आणि 'वाचायला बंदी नाही' असे सांगणारी वस्तू आमच्या वाट्याला क्वचितच येते.

या प्रणालीत 'शेल' नावाचा एक भाग असतो. आपण अक्षरांत हुकूम टाइप करायचा आणि शेलने तो वाचून यंत्राकडून करून घ्यायचा, असा त्याचा कारभार. यांपैकी सर्वांत प्रसिद्ध शेल म्हणजे 'बॅश'. स्टीफन बॉर्न यांनी बेल प्रयोगशाळेत लिहिलेला शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला. पुढे ब्रायन फॉक्स यांनी १९८८ मध्ये 'ग्नू' प्रकल्पासाठी त्या धर्तीचा नवा, मुक्त शेल लिहायला घेतला आणि १९८९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. 'बॉर्न अगेन शेल' या त्याच्या नावात बॉर्न यांचे आडनाव आणि पुनर्जन्म या दोन्हींवर श्लेष आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चेट रॅमी यांनी त्याचा सांभाळ केला आहे. इतके मोठे काम मुख्यतः एका माणसाच्या चिकाटीवर इतकी वर्षे चालावे, याचे मला आश्चर्य वाटते.

मात्र रॅमी यांनी लिहिलेले बॅश जसेच्या तसे आपल्या यंत्रावर येत नाही. मध्ये डेबियनसारख्या संस्थेची माणसे असतात. ती मूळ आज्ञावली घेतात, आपल्या प्रणालीत ती नीट बसावी म्हणून इथे-तिथे दुरुस्त्या करतात आणि सगळ्याचे मिळून एक 'पॅकेज' बांधतात. मूळ आज्ञावलीत थेट खाडाखोड करत नाहीत. प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या फायलीत ठेवतात आणि तिला 'पॅच' म्हणतात. पॅच म्हणजे आपले ठिगळच. हा शब्द नुसता अलंकारिक नाही. पूर्वी आज्ञावली भोके पाडलेल्या कागदी फितीवर असे आणि चुकीच्या भोकावर खरोखरच कागदाचा तुकडा चिकटवत. १९८५ साली लॅरी वॉल यांनी अशी ठिगळे आपोआप लावणारी 'पॅच' नावाचीच आज्ञावली लिहिली. डेबियनमध्ये ही ठिगळे एकावर एक रचून सांभाळण्याचे जे साधन आहे, त्याचे नाव तर 'क्विल्ट' आहे. क्विल्ट म्हणजे गोधडी! हे कळले त्या रात्री मी आईला उठवून सांगितले. ती म्हणाली, "झोप आता."

असो. माझा मुद्दा ठिगळ लावण्याविषयी नाही, काढण्याविषयी आहे.

ठिगळ कायमचे नसते. समजा, डेबियनच्या माणसाला बॅशमध्ये एक चूक सापडली. त्याने ठिगळ लावले आणि मूळ लेखकालाही कळवले. लेखकाने ती दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत घेतली. आता मूळ कापडच धड झाले आणि ठिगळाची गरज संपली. कधी मूळ लेखक तीच चूक वेगळ्या रीतीने दुरुस्त करतो, तर कधी ज्या जुन्या यंत्रासाठी ठिगळ लावले होते ते यंत्रच वापरातून जाते. कारण गेले तरी फाईल मात्र आपोआप जात नाही. कोणीतरी बसून, एकेक उघडून, 'हे अजून हवे का?' असा प्रश्न विचारून ती काढावी लागते.

या कामाला काडीचे ग्लॅमर नाही. नवी सोय केली की चार लोक वाहवा करतात. पाच जुनी ठिगळे काढली तर वापरणाऱ्याला काही कळतही नाही, आणि कळले तर ते काहीतरी बिघडल्यावरच! म्हणून "चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?" हा सर्वांत सोपा पवित्रा ठरतो. आपल्या ग्रामपंचायतीपासून घरातल्या माळ्यापर्यंत तो सगळीकडे आढळतो. माझे मत असे की हा पवित्रा सावधपणाचा वाटतो, पण सावधपणाचा नाही.

याचे पहिले कारण तांत्रिक आहे, पण अवघड नाही. ठिगळाच्या फायलीत 'अमुक ओळ काढ, अमुक घाल' असे लिहिलेले असते आणि जागा ओळखू यावी म्हणून आजूबाजूच्या दोन-तीन ओळीही दिलेल्या असतात. मूळ आज्ञावली बदलत गेली की या खुणा हलतात. खुणा थोड्या जुळल्या नाहीत तरी 'पॅच' आज्ञावली अंदाजाने जागा शोधते, आणि अंदाज चुकला तर ठिगळ भलतीकडेच बसते. दुसरा प्रकार याहून गमतीचा. दुरुस्ती मूळ आज्ञावलीत आधीच आलेली असताना तेच ठिगळ पुन्हा लावायला गेलात, तर ती आज्ञावली सांगते की हे ठिगळ उलटे तरी आहे किंवा आधीच लावलेले आहे. उलटे धरू का? घाईत 'हो' म्हटले की ती ठिगळ उलटे लावते, म्हणजे झालेली दुरुस्तीच उसवून टाकते! भोक बुजवण्यासाठी ठेवलेल्या कापडाने पुन्हा भोक पाडल्यासारखे हे झाले.

दुसरे कारण इतिहासात आहे. २४ सप्टेंबर २०१४ रोजी बॅशमधली एक चूक जगजाहीर झाली. स्तेफान शाझेला यांनी ती शोधली होती, आणि पुढे ती 'शेलशॉक' नावाने ओळखली गेली. एका आज्ञावलीकडून दुसरीकडे माहिती पोचवण्यासाठी जी नावे-मूल्ये दिली जातात, त्यांत एखाद्या कार्याची व्याख्याही पाठवण्याची सोय बॅशमध्ये होती. व्याख्या संपली की थांबायला हवे होते. पण बॅश पुढे जोडलेले हुकूमही वाचत असे आणि पाळत असे. त्यामुळे दूरवरचा माणूस काही वेबसाइटच्या यंत्रांवर आपले हुकूम चालवू शकत होता. या चुकीला धोक्याच्या मोजपट्टीवर १० पैकी १० गुण मिळाले, आणि ती १९८९ पासून आज्ञावलीत होती. म्हणजे पंचवीस वर्षे!

त्या दिवसांत धावपळ झाली. पहिले अधिकृत ठिगळ अपुरे ठरले आणि लगेचच ते उघड झाले. रेड हॅटच्या फ्लोरियन वायमर यांनी वेगळा उपाय सुचवला. बाहेरून आलेल्या कार्याच्या नावाला विशिष्ट खूण असेल तरच बॅशने ते स्वीकारावे, असा तो उपाय. काही वितरणांनी तो लगोलग लावला. रॅमी यांनीही तो विचार घेतला, पण खुणेचे अक्षर थोडे वेगळे ठेवले. परिणाम असा की काही काळ दोन वेगळी ठिगळे लावलेली बॅश एकमेकांनी पाठवलेली कार्ये ओळखेनात. दोन्ही ठिगळे चांगल्या हेतूने लावलेली होती आणि संकटात ती लावणे बरोबरच होते. पण अधिकृत दुरुस्ती आल्यावर आपले घाईतले ठिगळ काढून मूळ प्रवाहाशी जुळवून घेणे, हेही त्याच कामाचा भाग होते. बॅशच्या ४.३ आवृत्तीसाठी या प्रकरणात २५ पासून ३० क्रमांकापर्यंत सहा अधिकृत ठिगळे निघाली. सप्टेंबर २०१६ मध्ये ४.४ आवृत्ती आली तेव्हा या दुरुस्त्या मूळ कापडातच विणलेल्या होत्या. ज्यांनी नवी आवृत्ती घेतली, त्यांना सहाही ठिगळे बाजूला ठेवता आली.

आता माझ्या विरुद्ध बाजूचे म्हणणेही सांगितले पाहिजे, कारण मी स्वतः त्या बाजूने एकदा चांगलीच आपटले आहे.

दुकानात कागदपत्रे स्कॅन करून लहान आकारात आणण्यासाठी माझ्या आधीच्या मुलाने शेलमध्ये दहा-बारा ओळींची एक यादी लिहून ठेवली होती. तीत एक ओळ अशी की यंत्राने आठ सेकंद नुसते थांबावे. का थांबावे, ते लिहिलेले नव्हते. मला वाटले, ही ओळ आळशीपणाची. मी ती काढली. दोन दिवस सगळे भराभर झाले. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या गावातली एक मुलगी रडत आली. तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला होता. जातीच्या दाखल्याचा खालचा अर्धा भाग, नेमका सही-शिक्क्याचा, कोराच गेला होता. त्या जुन्या स्कॅनरला मोठा कागद पूर्ण उतरवायला वेळ लागे, आणि त्या आठ सेकंदांत तो आपले काम संपवत असे. ती ओळ रिकामी दिसत होती, पण रिकामी नव्हती. दुकानाच्या काकांनी एवढेच विचारले, "तुला काय नडलं होतं गं?" माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही रात्री नऊपर्यंत बसून तिचा अर्ज पुन्हा भरला, आणि सुदैवाने मुदत शिल्लक होती. तिच्या वडिलांचा मात्र एका दिवसाचा रोजगार बुडाला.

या चुकीची थोरली बहीण मला नंतर वाचायला मिळाली. २००६ साली डेबियनमध्येच 'ओपनएसएसएल' नावाच्या पॅकेजला एक ठिगळ लावले गेले. तपासणीचे साधन काही ओळींवरून सारखी सूचना देत होते, म्हणून त्या ओळी निकामी केल्या गेल्या. त्याच ओळींमधून गुप्त किल्ल्या बनवण्यासाठी लागणारा अनिश्चितपणा गोळा होत होता. त्या गेल्यावर अनिश्चितपणा उरला तो फक्त एका क्रमांकाचा, आणि त्याच्या शक्यता जेमतेम ३२,७६८. म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर एका प्रकारच्या किल्ल्या तेवढ्याच बनू शकत होत्या, आणि त्या सगळ्या कोणीही आधीच बनवून ठेवू शकत होता. लुसियानो बेल्लो यांच्या हे लक्षात आले आणि मे २००८ मध्ये ते जाहीर झाले. जवळजवळ दोन वर्षे ते ठिगळ शांतपणे जागच्या जागी होते. असंख्य किल्ल्या बदलाव्या लागल्या.

या गोष्टीतून कोणी 'म्हणून कशालाच हात लावू नये' असा बोध घेईल. मला त्यातून दोन बोध दिसतात. पहिला, अर्थ कळल्याशिवाय काही काढू नये. दुसरा, जे ठिगळ फक्त आपल्याच घरी आहे, मूळ कापड विणणाऱ्याच्या नजरेखालून पूर्ण गेलेले नाही, ते जितके कमी तितके बरे. म्हणूनच ठिगळ लावून बसू नये. ते मूळ लेखकाकडे पाठवावे, त्याने घेतले तर आपले काढावे, आणि त्याने नाकारले तर का नाकारले ते ऐकावे.

हे साधायचे कसे? डेबियनच्या मंडळींनी यासाठी एक साधी पद्धत ठरवली आहे. प्रत्येक ठिगळाच्या माथ्यावर चार गोष्टी लिहाव्यात: हे कशासाठी आहे, कोठून आले, मूळ लेखकाकडे पाठवले का, आणि शेवटचे कधी पाहिले. एवढे लिहिले असेल तर दहा वर्षांनी येणाऱ्या अनोळखी माणसालाही ठिगळ ठेवायचे की काढायचे ते ठरवता येते. काढताना क्रमही पाहावा लागतो, कारण मधले एक काढले तर त्याच्यावर टेकलेले पुढचे निसटते. मग पॅकेज नव्याने बांधून तपासायचे आणि बदलांच्या वहीत नोंद करायची की अमुक ठिगळ काढले, मूळ आवृत्तीत आले आहे. ही वही पॅकेजबरोबर आपल्या यंत्रावर येते. मी ती वाचते. रुक्ष आहे, पण कोणी काय काढले आणि का काढले हे तारखेसह लिहिलेले पाहून मनाला एक प्रकारचा धीर येतो.

कोणी म्हणेल, जुने ठिगळ काढणे म्हणजे लावणाऱ्याच्या कष्टांचा अपमान. मला तसे वाटत नाही. जे ठिगळ मूळ कापडात विणले गेले म्हणून काढावे लागते, त्याचे काम पूर्ण झालेले असते. लावणाऱ्याचे नाव वहीत राहते. ज्याचा उपयोग संपला ते तसेच लटकत ठेवले तर त्याच्या कष्टांचा मान वाढत नाही, पुढच्याच्या डोक्याचा भार मात्र वाढतो.

आता हे सगळे मला एवढे जवळचे का वाटते ते सांगते. आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. आण्णा त्यात प्रत्येक कागद ठेवतात. सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या, विजेची बिले, बी-बियाण्यांच्या पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या, माझ्या चौथीच्या प्रगतिपुस्तकापासून सगळे. कधीच काही फेकत नाहीत. मला ते लहानपणी हट्टी वाटत. यंदा दिवाळीत मी ती पेटी उघडून बसले, तेव्हा कळले की हा हट्ट नव्हता. त्यांना वाचता येत नाही. कोणता कागद कामाचा आणि कोणता संपलेला, हे ज्याला कळत नाही, त्याला सगळेच कागद जपावे लागतात. एखादा चुकून फेकला आणि तोच मागितला तर? ही भीती त्यांनी आयुष्यभर बाळगली. मी एकेक कागद वाचून दाखवला. फिटलेल्या कर्जाचा दाखला वेगळा काढून जपला. दहा वर्षांपूर्वीची विजेची बिले त्यांना दाखवून, विचारून, बाजूला केली. पेटी निम्मी झाली. आण्णा बराच वेळ तिच्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "आता झाकण बसतंय."

टाकून देण्याचे धैर्य वाचता येण्यातून येते, असे मला त्या दिवशी वाटले. पॅकेजमधली जुनी ठिगळे तशीच पडून राहतात त्यामागेही अनेकदा हीच भीती असते; फरक एवढाच की तिथे माणसाला अक्षर येते, पण कारण कोणी लिहिलेले नसते. म्हणून मी म्हणते, हे काम केवळ विज्ञान शाखेचे नाही. बारकाईने वाचणे, कोणी काय व का लिहिले ते शोधणे आणि पुढच्याला कळेल अशा भाषेत नोंद ठेवणे, हे तर आपण कला शाखेचे विद्यार्थी शिकतच असतो. मुक्तस्रोत आज्ञावलीला अशा हातांचीही गरज आहे, आणि तिथे दार लोटलेले आहे, कुलूप नाही.

राहता राहिली दुकानातली ती ओळ. दिवाळीनंतर काकांनी नवा स्कॅनर घेतला. तो काम पूर्ण झाल्याशिवाय पुढे सरकतच नाही. आठ सेकंदांची आता खरोखरच गरज उरली नाही. मी तसे सांगितले तर काका म्हणाले, "राहू दे, चालतंय ना!" मागचा अनुभव त्यांच्याही लक्षात होता. पण प्रवेशाच्या दिवसांत दीडशे कागद स्कॅन होतात. त्यांचे आठ-आठ सेकंद म्हणजे वीस मिनिटे, आणि रांगेत उभ्या असलेल्यांची शेवटची एसटी तेवढ्यात चुकते. मी दुकान बंद झाल्यावर वीस मोठे कागद ओळ ठेवून आणि तेच वीस ओळ काढून स्कॅन केले, आणि दोन्ही ढीग काकांसमोर ठेवले. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक कागदाचा खालचा कोपरा पाहिला. मग म्हणाले, "काढ."

मी ओळ काढली. तिच्या जागी एक टीप लिहिली: इथे आठ सेकंद थांबण्याची ओळ होती, जुन्या स्कॅनरसाठी, नवा आल्यावर तपासून काढली, जुना पुन्हा जोडलात तर परत घाला. खाली तारीख टाकली. पुढच्या वर्षी मी तिथे नसेन. जो कोणी असेल, त्याला विचारायला माणूस शोधावा लागणार नाही.

— द्वितीय वर्ष, कला शाखा